झिकोला जग एवढं का मानतं? (फातोर्डा ते काशिमा)

दहा_नंबरी

गेल्या रविवारी जेवताना पुतण्याशी वाजलं. पोरगा सतरा वर्षांचा, रात्री जागून युरोपातले सामने बघणारा. मोबाईलवर कुणीतरी केलेली सर्वकालीन महान खेळाडूंची यादी वाचत होता. मी सहज विचारलं, "झिको कितवा रे?" तर म्हणतो, "काका, तो एफसी गोवाचा कोच ना? तो खेळायचा पण?"

आमटी घशाखाली उतरेना. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आर्थुर आंतुनेस कोइम्ब्रा, जन्म ३ मार्च १९५३, रिओच्या किंतिनो उपनगरात. वडील पोर्तुगालहून आलेले शिंपी. घरात आर्थुरचं आर्थुरझिन्यो, त्याचं आर्थुरझिको आणि शेवटी नुसतं झिको. आपल्याकडे पांडुरंगाचा पांडू आणि पांडूचा पांड्या होतो तसंच. अंगाने इतका काटकुळा की फ्लामेंगो क्लबने आधी खुराक आणि व्यायाम लावून त्याला भरवला, मग मोठ्या मैदानात सोडला. पुढे त्या क्लबसाठी पाचशेहून जास्त गोल, ब्राझीलसाठी ४८. फ्री किक तर अशी की समोर भिंत करून उभे राहिलेलेच मान वळवून बघत बसायचे.

आणि विश्वचषक? १९७८, १९८२, १९८६ असे तीन वेळा गेला आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आला. कोच म्हणून जपान, तुर्कस्तान, उझबेकिस्तान, रशिया, ग्रीस, इराक, कतार, गोवा एवढी भ्रमंती केली, पण इंग्लंड-स्पेन-इटलीच्या बड्या लीगमध्ये कोचच्या खुर्चीवर कधी बसला नाही.

तरी जपानमध्ये त्याचा पुतळा आहे आणि तिथे त्याला 'फुटबॉलचा देव' म्हणतात. इस्तंबूलमध्ये फेनरबाचेचे लोक त्याला 'राजा आर्थर' म्हणायचे. कप उचललेले कितीतरी लोक आज कुणाला आठवत नाहीत, मग हाच का राहिला? माझं मत असं, की जिथे मोठी माणसं जात नाहीत तिथे तो गेला आणि तिथल्यांना त्याने हलकं लेखलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

अर्धवट_पंच

धागा छान, पण 'जिथे कुणी जात नाही तिथे गेला' हे जरा जास्तच गोड झालं. तेलाचा, पोलादाचा आणि नव्या लीगचा पैसा जिथे होता तिथे गेला, असं सरळ म्हणा की. त्यात गैर काही नाही, पण त्याला संत करायची गरज नाही.

आणि कोच म्हणून काहीच नाही हेही चूक. २००४ चा आशिया चषक, २००७ ची तुर्की लीग, उझबेकिस्तानात बुन्योदकोरला लीग आणि कप दोन्ही, मग सीएसकेए मॉस्कोला रशियन कप. धागाकर्त्याने आधी जमाखर्च नीट मांडावा.

दहा_नंबरी

मान्य, जमेची बाजू राहून गेली. पण पंचराव, बुन्योदकोरच्या लीगसाठी कुणी पुतळा उभारत नाही. प्रश्न तोच राहतो.

जुना_दूरदर्शनकर

मला झिको म्हटलं की २१ जून १९८६ आठवतो. आम्ही तेव्हा गिरगावात चाळीत राहायचो. मजल्यावर एकच रंगीत टीव्ही, दामले काकांचा. मेक्सिकोत ऐन दुपार, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. ब्राझील विरुद्ध फ्रान्स, उपांत्यपूर्व फेरी. फुटबॉल कळणारे आम्ही चार, बाकीचे वीसएक जण 'एवढं काय बघताय' म्हणून आलेले आणि मग उठलेच नाहीत.

१-१ बरोबरी होती. झिकोचा गुडघा आदल्याच वर्षी बांगू क्लबच्या एका बचावपटूने असा काही फोडला होता की तो विश्वचषक खेळतोय हेच नवल. म्हणून तो बाकावर. सत्तर मिनिटं झाल्यावर उतरला आणि जवळजवळ पहिल्याच स्पर्शात ब्रांकोला असा पास दिला की फ्रान्सच्या गोलकीपरला त्याला पाडण्यावाचून पर्याय उरला नाही. पेनल्टी! दामले काकूंनी देवापुढची वात सारली. झिको आला, मारली, आणि बाट्सने अडवली.

पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने स्वतःची बरोबर मारली, पण सॉक्रेटिस आणि झुलिओ सेझार चुकले. तिकडे प्लातिनीनेही बाहेर मारली होती, आणि त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता! ब्राझील हरलं. सकाळी नळावर पाणी भरताना बायका एकमेकींना विचारत होत्या, "तो दहा नंबरवाला कोण हो? फार वाईट वाटलं त्याचं." तो जिंकला असता तर नळावर चर्चा झाली असती का, सांगता येत नाही.

मुक्काम_त्सुकुबा

धागा बघून लॉगिन केलं, नाहीतर मी इथे वाचनमात्र. बारा वर्षं जपानमध्ये इबाराकी प्रांतात आहे. काशिमा माझ्या घरापासून गाडीने दीड तासाच्या आत. झिकोबद्दल इथे जे ऐकलं-पाहिलं ते जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

सुरुवात होते १३ डिसेंबर १९८१ पासून. टोकियोत युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांचा सामना व्हायचा. त्या वर्षी लिव्हरपूल विरुद्ध फ्लामेंगो. फ्लामेंगोने ३-० असं धुतलं, तिन्ही गोल पहिल्याच सत्रात. झिकोने त्यातला एकही मारला नाही, पण पास त्याचे. सामनावीर म्हणून बक्षीस काय, तर टोयोटा गाडी. माझ्या ऑफिसातले पन्नाशी उलटलेले लोक अजून तो सामना सांगतात. त्या काळी जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉल नव्हताच, कंपन्यांचे संघ होते. कामगार दिवसा कारखान्यात, संध्याकाळी मैदानावर.

आता दहा वर्षं पुढे या. झिको निवृत्त झाला, ब्राझीलमध्ये काही काळ सरकारात क्रीडा खातं सांभाळलं, आणि १९९१ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, खेळायला आला कुठे? काशिमाला. समुद्राकाठी सुमितोमोचा पोलाद कारखाना, भातशेती आणि एक फार जुनं शिंतो देवस्थान. सुमितोमोचा संघ दुसऱ्या श्रेणीत. नवी जे-लीग निघणार होती आणि या गावालाही त्यात शिरायचं होतं. लीगच्या प्रमुखांनी सांगितलं की तुमची शक्यता ९९.९९९९ टक्के नाही, वर छप्पर असलेलं पंधरा हजारांचं फुटबॉलचं स्टेडियम बांधाल तर बघू. नाही म्हणायची ती जपानी पद्धत. पण गावाने आणि प्रांताने ते शब्दशः घेतलं आणि स्टेडियम बांधलं!

मग १६ मे १९९३. जे-लीगमधला काशिमाचा पहिला सामना, समोर नागोया, त्यांच्याकडे इंग्लंडचा गॅरी लिनेकर. काशिमा ५, नागोया ०. झिकोचे तीन, आणि वय चाळीस. लीगमधली ती पहिली हॅट्ट्रिक.

गोलांपेक्षा इथले लोक दुसरीच गोष्ट जास्त सांगतात. कारखान्याच्या संघातल्या पोरांना व्यावसायिक असणं म्हणजे काय हे त्याने शिकवलं. सराव कसा करायचा, हरल्यावर कसं चिडायचं, पासचा वेग किती हवा. तो भयंकर तापट होता. क्लबची आजही तीन शब्दांची शिकवण आहे, तिला 'झिको स्पिरिट' म्हणतात: केन्शिन, सेइजित्सु, सोन्चो. समर्पण, प्रामाणिकपणा, आदर. माझ्या मुलाच्या शाळेतल्या फुटबॉल सरांनाही हे तीन शब्द पाठ आहेत, आणि ते काशिमाचे नाहीत, उरावा या दुसऱ्या क्लबचे कट्टर आहेत!

आता पंचरावांसाठी. तोच झिको जानेवारी १९९४ मध्ये लीगच्या अंतिम सामन्यात, विरुद्ध संघाला पेनल्टी दिली म्हणून, मांडून ठेवलेल्या चेंडूवर जाऊन थुंकला. लाल कार्ड, बाहेर. 'आदर' शिकवणाऱ्याने! जपानी लोक ही गोष्ट लपवत नाहीत. हसत हसत सांगतात, जसं घरातल्या आजोबांच्या रागाबद्दल सांगतात.

काशिमा आज जपानमधला सर्वांत जास्त वेळा लीग जिंकलेला क्लब आहे. टोकियो नाही, ओसाका नाही. पोलादाच्या कारखान्याचं गाव.

शेवंतीचा_वाफा

मुक्कामराव, प्रतिसाद नाही, हा तर वेगळा लेख झाला. आवडला. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही तरी पूर्ण वाचलं.

एक अवांतर शंका. झिको की जिको? आमच्याकडे पेपरात दोन्ही वाचलंय.

मुक्काम_त्सुकुबा

जपानी लोक 'जीको' म्हणतात, त्यांना 'झि' जमत नाही. पोर्तुगीजमध्ये इंग्रजी 'झू'सारखा झ.

व्याकरणवेल्हाळ

यात मराठीची गंमत आहे. 'झाड'मधला झ आपल्याला येतो, तो पोर्तुगीज आवाजाच्या बऱ्याच जवळ आहे. पण पुढे इकार आला की आपण तो 'झेंडा'तल्यासारखा तालव्य करतो, जसं झिम्मा, झीज. म्हणजे लिहायचं झिको आणि म्हणायचं 'झाड'मधल्या झ-ने. ज्याला जमेल त्याने म्हणावं. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

मंगळवार_पेठ

कोल्हापूर हजर! झ कुठला बी असूदे, आमच्या तालमीत एक 'झिको' हाय. वय आता साठ. खरं नाव त्याच्या लग्नपत्रिकेवर वाचलं तवा कळलं. ८६ च्या विश्वचषकानंतर पोरांनी नाव पाडलं, ते चिकटलं ते चिकटलंच. फ्री किक मारायला आला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर माणसं उठून उभी ऱ्हायची.

आमच्याकडं विश्वचषकाच्या टायमाला पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिना अशी सरळ वाटणी असतीया. झेंडे, पोस्टर, रात्री मोठा पडदा. भारत खेळत नाही म्हणून आमी गप बसत नाही. पर एक सांगतो, पेले-मॅराडोनाचं पोस्टर लावणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. झिकोचं पोस्टर लावणारा मात्र असतो खरा फुटबॉलवाला.

अर्धवट_पंच

'खरा फुटबॉलवाला' हीच ती मेख आहे. जो हरला त्याला मानलं की आपण जाणकार ठरतो. १९८२ च्या ब्राझीलचंही तेच. तेले सांतानाचा संघ, झिको, सॉक्रेटिस, फाल्काव, सेरेझो. ५ जुलैला बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर इटलीने ३-२ ने हरवलं, तिन्ही गोल पाओलो रॉसीचे. इटलीच्या जेंतिलेने झिकोचा शर्ट टराटरा फाडला तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. ब्राझीलला पुढे जायला बरोबरी पुरेशी होती, तरी २-२ झाल्यावर हे पुढेच पळत राहिले. याला सौंदर्य म्हणा, मी बेशिस्त म्हणेन. तरीही चाळीस वर्षं आपण जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्यांवर जास्त लिहितो.

जुना_दूरदर्शनकर

पंचराव, बरोबरी पुरेशी असताना पुढे पळणारा संघ पुन्हा दिसला का तुम्हाला? म्हणूनच लिहितो.

इटलीत_भाकरी

मी इटलीत उदिनेपासून तासाभरावर राहते, तिथली गोष्ट इथे हवीच. उदिने म्हणजे फ्रिउली भाग, ऑस्ट्रिया आणि तेव्हाच्या युगोस्लाव्हियाच्या सीमेजवळचं लहान शहर. १९८३ मध्ये उदिनेझे क्लबने सहा अब्ज लिरांना झिको घेतला. आपल्या हिशेबात सांगायचं तर जिल्ह्याच्या संघाने सचिनला घ्यावं तसं. इटालियन महासंघाने व्यवहार अडवला. लोक रस्त्यावर उतरले आणि घोषणा काय दिली? "ओ झिको, ओ आउस्त्रिया!" म्हणजे 'झिको द्या, नाहीतर आम्ही ऑस्ट्रियात जातो!' हा भाग एकेकाळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, त्यामुळे धमकीला इतिहासाची फोडणी. प्रकरण राजकारणात वरपर्यंत गेलं आणि शेवटी परवानगी मिळाली.

पहिल्याच मोसमात १९ गोल. प्लातिनीचे २०, तेही जुव्हेंटससारख्या संघातून. इथे दोनच वर्षं राहिला आणि काहीही जिंकला नाही. माझे घरमालक सत्तरीचे आहेत. भाड्याची बोलणी चालू असताना मी झिको भारतात कोच होता असं सांगितलं, तर भाडं बाजूला आणि वाइनची बाटली पुढे. भाडं मात्र कमी केलं नाही.

दहा_नंबरी

हाहा, वाइनवर भागलं म्हणायचं! 'झिको द्या नाहीतर ऑस्ट्रिया' हे माहीत होतं, पण ९९.९९९९ टक्के माहीत नव्हतं. दोन्हीकडे गाव लहान आणि हट्ट मोठा. माझ्या मुद्द्याला बळच मिळालं.

आता गोवेकर कुठे आहेत? धाग्याच्या नावात फातोर्डा, म्हणजे मडगावचं स्टेडियम आहे आणि इतक्या प्रतिसादांत एकही मडगावकर नाही?

फातोर्डा_पूर्व_स्टँड

आलों! दुपारची झोप झाली आणि मग धागा बघितला. (गोवेकर आहे, समजून घ्या.)

धागाकर्त्याला आधी नाराज करतो. तुमचा 'लहान गावात गेला, रुजवलं, म्हणून प्रेम' हा सिद्धांत काशिमाला लागू होतो, गोव्याला नाही. गोव्याला फुटबॉल कुणी शिकवायची गरज नव्हती. साळगावकर, धेंपो, चर्चिल, स्पोर्टिंग यांनी राष्ट्रीय लीग जिंकलेली, किंवा निदान तिथे सगळ्यांना घाम फोडलेला. प्रत्येक वाड्यावर चर्चजवळ मैदान. ब्रह्मानंद शंखवाळकर आणि ब्रुनो कुतिन्हो आमच्याच मातीतले. आणि आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, तेव्हा तीन महिन्यांची. झिको यायचा, तीन महिने राहायचा, परत जायचा. तेवढ्यात काय रुजणार? त्याला स्वतःलाही लीग इतकी छोटी असणं पटत नव्हतं, ते तो उघड बोलायचा.

तरी आम्ही त्याला मानतो. का, ते सांगतो.

२०१४ ला नाव जाहीर झालं तेव्हा माझे वडील पहिल्यांदा म्हणाले, "खोटं." ते पोर्तुगीज काळात शाळेत गेलेले, त्यांना रिओच्या बातम्या पोर्तुगीज पेपरांतून कळायच्या. सामन्याला आले, टीव्हीवरच्या त्याच्या मुलाखती दुभाष्याआधी त्यांना कळायच्या आणि आम्हाला सांगायचे, "तो दुभाषी अर्धं गाळतो." घरात त्यांचा मान एकदम वाढला! गोव्यात पोर्तुगीज समजणारी पिढी संपत आलीय. तिला शेवटी एक माणूस मिळाला, ज्याचं बोलणं फक्त तिलाच कळत होतं.

२०१४ ची सुरुवात रखडत झाली, पण उपांत्य फेरीपर्यंत गेलो. कोलकात्याशी दोन्ही सामने ०-०, आणि फातोर्ड्यावर पेनल्टीत गेलो. २०१५ ला गुणतक्त्यात पहिले. मुंबईला नोव्हेंबरमध्ये ७-०! (मुंबईकरांनो, क्षमा नाही.) डूडू आणि हाओकिप दोघांच्याही हॅट्ट्रिक. मग २० डिसेंबर, अंतिम सामना, आमच्याच फातोर्ड्यावर, चेन्नईविरुद्ध.

मी पूर्व स्टँडमध्ये होतो, वडील आणि धाकटी बहीण बरोबर. चेन्नईचा गोल, लगेच हाओकिपचा. मग ८७ व्या मिनिटाला आमच्या जोफ्रेची फ्री किक. २-१! झिकोच्या संघाने, फ्री किकवर, शेवटच्या मिनिटांत! वडील उभे राहिले. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेला माणूस, खुर्चीवर चढायला बघत होता. मागून कुणीतरी फटाक्याची माळ काढली. मी मनात म्हटलं, आतांच नाका.

९० व्या मिनिटाला आमच्याच गोलीकडून स्वयंगोल. २-२. आणि दोन मिनिटांनी चेन्नईचा मेंडोझा. २-३.

आवाजाचं काय झालं हे मला अजून सांगता येत नाही. एवढं भरलेलं मैदान, आणि चेन्नईचे अकरा जण ओरडताना स्पष्ट ऐकू येत होते. मी बाकाकडे बघितलं, तर झिको हाताची घडी घालून उभा. वडील एवढंच म्हणाले, "ह्याला सवय आहे." गाडीत घरापर्यंत कुणी बोललं नाही.

तर आमचं हे असं. ८२ ला सारिया, ८६ ला ग्वादालाहारा, आणि २०१५ ला फातोर्डा. त्याच्या हरण्याच्या यादीत आमचं गाव गेलं. ह्याचा अभिमान वाटावा की लाज, कळत नाही, पण वडिलांना वाटतो अभिमान.

शेवंतीचा_वाफा

"ह्याला सवय आहे." बाप रे.

दहा_नंबरी

पूर्व स्टँड, सिद्धांत मागे घेतो. निदान अर्धा.

मंगळवार_पेठ

भावा, नाद खुळा लिवलंयस. ७-० वर मुंबईकर कुणी बोलंना झालाय, बघा!

घाटकोपर_एक्स्प्रेस

मुंबईकर बोलतो. ७-० मान्य. पण तुमच्या झिकोच्या हाताखाली खेळलेला मंदार राव देसाई २०२०-२१ ला आमच्याकडून लीग जिंकला, तेवढं लिहून ठेवा. :)

अर्धवट_पंच

भावना बाजूला ठेवून दोन प्रश्न.

एक, २०१६ ला हाच गोवा शेवटच्या, आठव्या क्रमांकावर होता. त्याबद्दल कुणी लिहीत नाही.

दोन, जपानचा कोच म्हणून २००६ चा विश्वचषक. नाकाता, नाकामुरा, ओनो, इनामोतो अशी मधली फळी त्याआधी जपानला मिळाली नव्हती. ऑस्ट्रेलियाविरुद्ध १-० पुढे, आणि शेवटच्या सहासात मिनिटांत तीन गोल खाल्ले. मग क्रोएशियाशी ०-०, ब्राझीलकडून ४-१. ते कोचिंगचं अपयश नाही तर काय? आधीचा कोच त्रूसिएने आखून दिलेली चौकट मोडली, 'स्वतः विचार करा' म्हणाला, आणि पोरं विचारच करत बसली.

मुक्काम_त्सुकुबा

पंचराव, दुसऱ्यावर इथेही अजून वाद आहेत. २००४ ला विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ओमानला सायतामात जेमतेम १-० ने हरवलं, गोल भरपाई वेळेत. तेव्हा तर त्याला काढा म्हणून मोर्चाही निघाला होता. म्हणजे देव वगैरे असला तरी लोकांनी डोळे मिटलेले नव्हते.

पण त्याच वर्षी चीनमध्ये आशिया चषक झाला. प्रत्येक सामन्यात प्रेक्षक जपानी राष्ट्रगीताच्या वेळी हुर्यो करायचे. जॉर्डनविरुद्ध पेनल्टी शूटआउट, आणि जपानचे पहिले दोघे घसरून चुकले. कर्णधार मियामोतो पंचाकडे गेला आणि इंग्रजीत समजावलं की इथली जमीन उखडलीय, बाजू बदला. पंचाने बदलली! गोलकीपर कावागुचीने मग जे अडवलं ते दंतकथाच. बहारीनला ४-३, अंतिम सामन्यात बीजिंगमध्ये चीनला ३-१. पंचाशी बोलायला जायचं हे त्या मियामोतोला कोणत्या तक्त्यावर आखून दिलेलं होतं? 'स्वतः विचार करा'चा तो एक दिवस होता. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा दुसरा.

जाता जाता, भारतही त्याच पात्रता गटात होता. सायतामात ०-७, कोलकात्यात ०-४. कोलकात्याला मध्यंतरात सॉल्ट लेकचे दिवे गेले. इथले सहकारी मला तो प्रसंग दरवर्षी एकदा तरी ऐकवतात.

फातोर्डा_पूर्व_स्टँड

२०१६ चं उत्तर मी देतो. वाईट गेला मोसम, लपवायचं काय. पण शेवटचा सामना, चेन्नईविरुद्धच, फातोर्ड्यावर. दोघांनाही पुढे काही मिळणार नव्हतं. गोवा ५, चेन्नई ४, आणि विजयी गोल भरपाई वेळेत साहिल तावोरा या आमच्या गोंयकार पोराने मारला. शेवटच्या क्रमांकाच्या संघाने नऊ गोलांचा सामना खेळावा, हे पंचराव बेशिस्तच म्हणतील.

आणि रुजवलं नाही असं मी लिहिलं त्यात एक दुरुस्ती. असोळण्याचा रोमिओ फर्नांडिस २०१५ ला ब्राझीलच्या आत्लेतिको परानाएन्सेकडे उसना गेला आणि तिथे पराना राज्याच्या स्पर्धेत उतरला. भारतीय पोरगा ब्राझीलमध्ये व्यावसायिक फुटबॉल! थोडेच दिवस, पण झिकोच्या ओळखीशिवाय ते दार उघडलं नसतं.

शेवंतीचा_वाफा

अडाणी प्रश्न. मॅराडोनाही कोच होता ना? मग तोही असाच लाडका का नाही?

जुना_दूरदर्शनकर

लाडका कसा नाही? २००८ ला कोलकात्यात आणि २०१२ ला कन्नूरला आला तेव्हा लोटलेली गर्दी आठवा. पण मॅराडोना बघायला लोक जायचे. २०१० ला अर्जेंटिनाचा कोच असतानाही कॅमेरा मैदानापेक्षा त्याच्यावर जास्त होता. त्याच्याकडून पास कसा द्यायचा हे शिकलो, असं सांगणारं गाव कुठलं?

अर्धवट_पंच

नापोलीला जाऊन हे वाक्य बोलून दाखवा.

जुना_दूरदर्शनकर

:) तिथे तो खेळला, कोच नव्हता. सुटलो.

दहा_नंबरी

अजून एक लिहायचं राहिलं. २०१५ मध्ये, म्हणजे एफसी गोवाचा कोच असतानाच, झिकोने फिफाच्या अध्यक्षपदासाठी उभं राहायचं जाहीर केलं होतं. पाच देशांच्या संघटनांची शिफारस लागत होती, ती मिळाली नाही. पाच! उदिने, काशिमा, इस्तंबूल, मडगाव इथल्या लोकांना विचारलं असतं तर पाच लाख निघाले असते. पण मत संघटनेला असतं, पूर्व स्टँडला नसतं.

आणि पंचराव, पैशाचं म्हणाल तर इराकने त्याचे पैसे थकवले आणि २०१२ मध्ये त्याने राजीनामा दिला. तेलाचा पैसाही प्रत्येक वेळी हातात पडत नाही.

अर्धवट_पंच

हे मात्र मला अनुकूल आहे, पैसे न मिळाल्यावर सोडलंच की! पण असो. एवढं मान्य करतो की हा माणूस जिथे गेला तिथून गेल्यावरही लोक त्याच्याबद्दल आपसांत भांडतात, आणि ते सोपं नाही. आपणच बघा, सकाळपासून ऑफिसचं एक काम केलेलं नाही मी.

मुक्काम_त्सुकुबा, पुढच्या वर्षी मार्चमध्ये टोकियोला कामासाठी यायचं आहे. काशिमाला कसं जातात?

मुक्काम_त्सुकुबा

टोकियो स्टेशनच्या बाहेरून थेट बस आहे, साधारण दोन तास. सामना असेल त्या दिवशीच या. आधी जुन्या देवस्थानात जा, तिथे हरणं पाळलेली आहेत, क्लबचं 'अँटलर्स' म्हणजे शिंगं हे नाव त्यावरूनच. मग स्टेडियम. पुतळा बाहेरच आहे, चुकणार नाही. शाकाहारी असाल तर डबा घेऊन या, तिथे सगळेजण आतड्यांचा रस्सा खातात.

फातोर्डा_पूर्व_स्टँड

पंचराव, जाल तेव्हा पुतळ्याचा एक फोटो इथे टाका. बाबांना दाखवायचा आहे. त्यांचं म्हणणं आहे की हाताची घडी घातलेला नसेल तर तो झिको नव्हेच.